मंडळी जमली

मंडळी, एक प्रश्न विचारतो. घर वाढलं की चूल बदलावी लागते, कबूल. पण चुलीपाशी बसणारीलाही बदलावं का? उत्तर घाईनं देऊ नका, सासू मागच्याच ओळीत आहे.

तर ऐका! टेकाडवाडीच्या चर्चचे पाळक, विनायकराव पारखे, यांची मंडळी वाढली. चाळीसांची चारशे झाली. मंडळी वाढली की आधी आशीर्वाद येतो, मागोमाग कमिटी. कमिटीनं प्रमोद नावाचा समन्वयक नेमला आणि बायबलबाई राहेलबाईंना शाल देऊन मोकळं केलं. कुणाला काढायचं ठरलं की त्याला थंडी वाजत असणार, असं आपण धरूनच चालतो. विनायकरावांनीही मान डोलावली.

बाईंचं काम काय? घरोघर येशूचं वचन सांगायचं, 'दोघं-तिघं माझ्या नावानं जमली, की तिथं मी असतोच', आणि आजाऱ्यापाशी बसायचं. आणि रविवारी शेवटच्या बाकावरून सगळ्यांवर नजर फिरवून म्हणायचं, "मंडळी जमली, साहेब." मग उपासना सुरू. एकतीस वर्षं!

पुढच्या रविवारी प्रमोदनं टॅबवर पाहून सांगितलं, "चारशे तीन, सर. सुरू करा."

पाळकसाहेबांनी तोंड उघडलं— आणि शेवटच्या बाकावरून आवाज आला.

"एक कमी आहे, साहेब."

बाक रिकामा. कुणाची मान वळली नाही.

दुसऱ्या रविवारी तेच. भर सकाळ, लख्ख ऊन, आणि तो आवाज. तिसऱ्या रविवारी साहेबांनी हातातलं गीतपुस्तक मिटलं.

"प्रमोद, कोण आलं नाही?"

"सर, मागच्यापेक्षा नऊ वाढलेत."

"आलं कोण नाही?"

"सर, यात आलेले दिसतात. न आलेले दिसत नाहीत."

पेटीवाले, हसू नका. मागच्या महिन्यात तुम्हीही दिसला नव्हता.

साहेब तसेच उतरले, थेट बाईंच्या खोलीवर. दारात शेजारीण.

"आत्ता सवड झाली? शाल घेऊन आल्या त्याच दिवशी अंगावरून वारं गेलं. वाचा गेलीय. तीन आठवडे तोंडातून शब्द नाही."

मग तो आवाज कुणाचा?

बाई तीच शाल पांघरून पडल्या होत्या. साहेब जमिनीवर बसले. "बाई, चुकलं माझं."

बाईंनी साहेबांकडं पाहिलं. मग स्वतःच्या हाताकडं. दोन बोटं हळूहळू वर केली, आणि ओठ हलले.

"मंडळी जमली, साहेब."

साहेबांनी तिथंच प्रार्थना केली. शेजारीण आजही सांगते, "खोलीत माणसं दोन. 'आमेन' ऐकू आलं तीन आवाजांत. आणि मी तर तोंड उघडलंच नव्हतं."

आता शेजारची जागा बघा. रिकामी आहे? कुणाची? आकडा नको, नाव सांगा. आठवेपर्यंत मी भजन सुरू करत नाही. पण लवकर आठवा. शेवटच्या बाकावरून कुणी आधी बोललं, तर तिकडं बघायची हिंमत माझ्यात नाही.