समुद्रातही फुल रेंज

मोबाईल कंपन्यांचं मला सांगूच नका, त्यापायी मी आत्याची बोलणी खाल्लीत. आत्या मोरा बंदरावर राहते, काका होडी घेऊन मासेमारीला जातात. पनवेलला एका कंपनीच्या दुकानावर भलामोठा बोर्ड लागला, ‘समुद्रातही फुल रेंज’. मीच हौसेनं दोघांना त्या कंपनीची नवीन सिम घेऊन दिली.

पुढच्याच फेरीला काकांची होडी एक दिवस उशिरा आली. इंजिन बिघडलं होतं आणि फोन काही लागत नव्हता. आत्या दिवसभर न जेवता धक्क्यावर बसून होती. काका सुखरूप आले, आणि दुसऱ्या दिवशी आत्या मला घेऊन थेट त्या दुकानात.

“बोर्डावर होडी दाखवलीय, मंग आमच्या होडीला रेंज का नाय?” तिनं मॅनेजरला विचारलं.

मॅनेजर शांतपणे म्हणाला, “काकी, नीट बघा. फोटोतली होडी धक्क्याला बांधलेली आहे.”

आत्या बाहेर जाऊन बघून आली. दोर खरंच दिसत होता. तिनं दोन्ही सिम त्याच्या टेबलावर ठेवली.

“बरं, मंग मासल्यांना पन धक्क्यावर बोलव. तवर आमी जुनंच सिम वापरतो.”