ती हललीच नव्हती

– नाही नाही, मान नका हलवू मॅडम, हो-नाही काही सांगायचंच नाही मला, तुम्ही नुसत्या पडून राहा, बोलायचं काम माझं. आणि दात आवळू नका – आवळले ना, की पडद्यावर नुसतं गवत उगवतं, मेंदूच्या लाटा दिसतच नाहीत. हां, असं. ह्या तारा फक्त ऐकतात, आत काही सोडत नाहीत, शॉकबिक तर मुळीच नाही – सगळ्यांना तीच धास्ती असते. तुम्हाला नसेल म्हणा, तुम्ही तर कॉलेजात मानसशास्त्र शिकवता, मेंदू, झोप, स्मरणशक्ती, सगळं – मघाशी डोक्याला पेस्ट लावताना सांगितलंत ना. शिकवता शिकवताच वर्गात पडलात, म्हणून ही तपासणी. रात्रभर जागून या म्हटलं होतं, जागलात, डोळेच सांगतायत. आता इथे झोप लागली आणि झोपेतला रेकॉर्ड मिळाला की सुटलात. मी बोलत राहिले तर चालेल ना? एरवी मी गप्प असते इथे, नियमच आहे तसा, पण आज गप्प बसवत नाहीये. आणि माझ्या बोलण्याने झोप लागते लोकांना, नवरा तर पहिल्याच वाक्याला घोरतो.

बघा, डोळे मिटलेत तशा डोक्याच्या मागच्या बाजूला एकसारख्या लाटा आल्या – माणूस जागा आहे पण निवांत आहे. डुलकी लागायला लागली की ह्याच विरून जातात. तुमच्या पुस्तकात चित्र असेलच. मला एक विचारायचं होतं – उत्तर नका देऊ, नुसतं ऐका – मुलाचं लक्ष नसतं, म्हणजे नक्की काय होतं हो? ओळखीच्या एक बाई आहेत, त्यांची मुलगी चौथीत आहे. हुशार आहे, गोष्टी काय सांगते, चित्रं काय काढते. पण शाळेतून सारखी तक्रार, लक्ष नसतं. साताचा पाढा म्हणते आणि पस्तीसवरून थेट एकोणपन्नासावर, मधलं बेचाळीस गायब. चुकलं म्हणावं तर रडते, मी म्हटलं होतं म्हणते. जेवताना घास हातात, आणि बघत बसते कुठेतरी. तंद्री लागली म्हणतात घरात. आजीने तर नावच ठेवलंय – ध्यान. आमचं ध्यान उठलं का, आमचं ध्यान जेवलं का. लाडाने हो, सासूबाईंचा जीव आहे तिच्यावर – आता निसटलंच तोंडातून. माझीच आहे मुलगी.

तर शाळा सुटली की ती इथेच येते, बाहेरच्या बाकावर अभ्यास करते, सगळा स्टाफ ओळखतो तिला. काल मशीन दुरुस्त होऊन आलं. पेशंटला लावायच्या आधी कुणावर तरी बघावं लागतं, एरवी आमच्या मावशी बसतात, पण त्या सुट्टीवर. ही कधीची मागे लागलेली – आई, मला पण टोपी घाल, मला पण तारा लाव. म्हटलं चल, बस. छान बसली बिचारी. लहान मुलांना आम्ही भिरभिरं देतो फुंकायला, जोरजोरात, सारखं – श्वास वाढवला की मेंदूत काही दडलेलं असेल तर बाहेर येतं. तिला कशाला द्यायचं होतं मी? मशीनच तपासायचं होतं ना? पण रोजची सवय, हात आपोआप टेबलाकडे गेला. तिला तर खेळच झाला. फुंकतेय, भिरभिरं गरगरतंय, मी पडद्याकडे बघतेय. आणि भिरभिरं थांबलं.

पडदाभर, सगळ्या तारांवर एकदम, टोक आणि लाट, टोक आणि लाट – तुम्ही पाहिलं असेल नसेल, मी आजवर इतक्यांदा पाहिलंय की पाठ फिरवली तरी ओळखेन – फिटच ती, झटके नसलेली, क्षणभर नुसतं भान जातं ती. मी तिच्याकडे वळले. डोळे उघडे, भिरभिरं तोंडापाशी, आणि आत कुणीच नाही. माझ्याकडे बघत होती आणि मी तिला दिसत नव्हते. मग सरळ फुंकायला लागली, जणू काही झालंच नाही, आणि म्हणते, आई, तू अशी का बघतेस? बेचाळीस असंच जात असणार, मॅडम. त्या क्षणी ती तिथे नसतेच, मग शिकणार काय आणि ध्यानात राहणार काय. आणि आम्ही तिला रागावत होतो.

आता पुढचं ऐका. पेशंट हलला, खोकला, तर आम्ही रेकॉर्डवर तिथेच लिहितो, हालचाल, म्हणजे डॉक्टर त्या लाटा सोडून देतात. इतक्या वर्षांची सवय. काल माझ्या बोटांनी तिथे लिहिलं, हालचाल. मी ठरवलं नव्हतं हो, शपथ. बोटांनीच लिहिलं. आणि ती हललीच नव्हती. सबंध वेळात तेवढाच वेळ ती अजिबात हलली नव्हती.

तुम्ही म्हणाल, डॉक्टरांना दाखवायचं. कळतं मला. रेकॉर्ड वाचायचं काम त्यांचं, मी कोण? इथे रडणाऱ्या किती आयांना मीच पाणी देते, सांगते, घाबरू नका, औषधाने थांबतं, पुष्कळ मुलांचं मोठेपणी जातंसुद्धा. खरंच जातं. पण तेच स्वतःला सांगायला गेले की पटत नाही. सकाळी नवऱ्याला सांगायचं म्हणून तोंड उघडलं, आणि डब्याचं झाकण नीट लाव एवढंच म्हणाले. सांगितलं की ते खरं होणार ना. आणि आज तिचं पोहणं आहे, तोच घेऊन गेलाय तिला. इतके दिवस उथळ बाजूला कडेला धरून पाय मारत होती. आज पहिल्यांदा खोल बाजूला सोडणार आहेत. सकाळी आनंदाने दोनदा पिशवी भरली तिने.

एवढ्याशा वेळात काय होतंय, असं मी सकाळपासून म्हणतेय. घास हातात राहतो, पाढा चुकतो, बस. पण पाण्यात, मॅडम? ती बुडणार पण नाही हो आरडाओरडा करून. हात नाही मारणार, हाक नाही मारणार. कडेला बसलेल्या बापाला वाटेल, लागली तंद्री आमच्या ध्यानाची.

मॅडम?

झोपलात. बारीक पीळ पडल्यासारख्या लाटा आल्यात, ही खरी झोप. हेच हवं होतं. आता मी गप्प बसायचं, हलायचं नाही, दार वाजवायचं नाही. फोन बाहेर कपाटात, इथे आणायची परवानगी नाही. झोपलेल्या पेशंटला एकटं सोडायचं नाही, तारा लावलेल्या असताना तर नाहीच, आणि मावशी सुट्टीवर. त्याचा फोन तर पिशवीत असेल. तलावाच्या ऑफिसात उचलेल कुणीतरी. उचलतील ना? आत्तापर्यंत कपडे बदलून झाले असतील तिचे.

मॅडम. मॅडम, उठा. हो, मीच झोपा म्हणत होते, आता उठा. रेकॉर्ड अर्धा राहिला, डॉक्टर बोलतील मला, बोलू देत, तुम्हाला पुन्हा एक रात्र जागावं लागेल, माझ्यामुळे जागावं लागेल, पण उठा. अहो घाबरू नका, तुमच्यात काही दिसलं म्हणून नाही उठवलं. तारा राहू देत डोक्याला, टोकं मशीनमधून काढलीत मी, चला, बाहेर बाकावर बसा – उठा हो, मला फोन करायचाय.