गाडी दारात उभी होती

मी देवकाबाई रूपराव झाडे, वय ५८ वर्षे, व्यवसाय शेती व घरकाम, रा. बोडदा, ता. समुद्रपूर, जि. वर्धा.

पोलीस ठाण्यात समक्ष विचारल्यावरून जबाब देते की, वरील पत्त्यावर मी, मुलगा स्वप्निल व सून रीता असे राहतो. माझे पती रूपरावजी मागील सोमवारी वारले. आमच्या समोर कृषी केंद्राचे दुकानदार भैय्याजी पोहाणे राहतात. आमचे घर एका पक्षाचे, भैय्याजी दुसऱ्या पक्षाचे. निवडणुकीत दोघांचे चौकात कडाक्याचे भांडण झाले. रूपरावजींनी त्यांना चोर म्हटले, त्यांनी यांना भाडोत्री म्हटले. तेव्हापासून बोलणे बंद होते. स्वप्निल पक्षाचे काम करतो.

सोमवारी दुपारी रूपरावजी शेतातून आले ते छाती धरूनच. अँब्युलन्स दुसरा रुग्ण घेऊन वर्ध्याला गेली होती. रीताचा आरडाओरडा ऐकून भैय्याजींनी आपली जीप आमच्या दारात आणली. जीपवर त्यांच्या पक्षाचा झेंडा होता. स्वप्निलने त्याकडे बोट दाखवले. भैय्याजींनी झेंडा स्वतः काढून सीटखाली टाकला व म्हणाले, "रूपराव, चाल, बस. भांडू मंग, दवाखान्यातून आल्यावर."

स्वप्निल म्हणाला, "फोटो काढून गावभर फिरवते मंग हा. बाबा, याच्या गाडीत बसाचं नाई."

रूपरावजी म्हणाले, "अरे, थो मले मारायले नाई नेऊन राह्यला." ते उठले. स्वप्निलने दोन्ही खांदे दाबून त्यांना बाजेवर बसवले. मी व रीताने त्याचे हात सोडवायचा प्रयत्न केला. त्याने रीताला ढकलून दिले. भैय्याजींनी त्याच्यापुढे हात जोडले. तो म्हणाला, "मेले तरी चालते." हे रूपरावजींनी ऐकले. नंतर ते उठले नाहीत. अँब्युलन्स आली तेव्हा ते वारले होते.

संध्याकाळी स्वप्निलने मोबाईलवर टाकले की, भैय्याजींनी जीप आडवी लावून अँब्युलन्स अडवली. मी विचारले, "काऊन खोटं लिवतं रे?" तो म्हणाला, "तू चूप राह्य. लोकं इचारून राह्यले मले."

बुधवारी राख सावडून आल्यावर तो घरातली सब्बल (लोखंडी पहार) घेऊन निघाला. सोबत बाहेरगावची पोरे होती, त्यांची नावे मला माहीत नाहीत. मी मागे गेले. भैय्याजी दुकानाचे शटर खाली ओढत होते. माझा मुलगा स्वप्निल याने सब्बल मारली. ती त्यांच्या उजव्या डोळ्यावर लागली. डोळा गेला असे डॉक्टरांनी सांगितले.

काल मी दवाखान्यात गेले. भैय्याजी म्हणाले, "वहिनी, पोट्टं बापाच्या दुःखात होतं. जाऊ द्या." त्यांच्या पत्नी शकुंतलाबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. भैय्याजींनी मारणाऱ्यास ओळखले नाही, असा जबाब दिल्याचे समजले. ते खरे नाही. भर दिवस होता व स्वप्निल त्यांच्यापासून हातभर अंतरावर होता.

हे मी घरी येऊन स्वप्निलला सांगितले. मला वाटले, त्याला काही वाटेल. तो हसून म्हणाला, "मले भेलं म्हातारं. उरलेला डोळा वाचवून राह्यलं." म्हणून मी आज स्वतः आले.

माझा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे. एका ठिकाणी 'आरोपी' लिहिले होते, ते खोडून 'माझा मुलगा स्वप्निल' असे लिहावयास लावले व खाली सही केली.