परत पाठवलेला ठेचा

आमच्या विद्यापीठाचा एक उपक्रम ठेच्यापायी बंद पडता पडता राहिला, माहितीये?

अंबडच्या कारखान्यांत जाणाऱ्या बायकांच्या मुलांना आम्ही सकाळी खाऊचे डबे द्यायचो. पहिल्याच दिवशी डबे परत आले ते भरलेले. कुणाच्या डब्यात शेंगदाण्याची चटणी, तर वस्तीतल्या सुमनताईंच्या डब्यात ठेचा! उपक्रम चालवणाऱ्या आमच्या मॅडम नियमाला पक्क्या. म्हणाल्या, "लाभार्थ्यांकडून काही घ्यायचं नसतं. परत देऊन या."

गेलो. सुमनताईंनी झाकण उघडून पाहिलं. "सर, उद्यापासून डबा आणू नका."

"अहो, पोरं उपाशी जातील."

"जाऊ द्या. शेजारणीचा डबा रिकामा धाडत नाय आम्ही. तुम्ही नुसतं देणार आन् आम्ही नुसतं घेणार, मग आम्ही कोण झालो?"

मॅडमना जसंच्या तसं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्या स्वतः वस्तीत आल्या. सुमनताईंच्या ओट्यावर बसल्या आणि जरा चाचरतच म्हणाल्या, "कालचा ठेचा उरला असेल, तर वाढा. मी घरून जेवून नाही आले."