ओट्यावरचा रुसवा

(कन्हान, भर दुपार. आनंदरावांच्या घराचा ओटा. कोराडीचे जावई चंद्रभान त्यावर पाय पसरून बसलेले. दारात त्यांची रुसून माहेरी आलेली बायको, वच्छला.)

आनंदराव : मंग धोतरजोडीबी नको?

चंद्रभान : नको म्हनलं ना, मामाजी.

आनंदराव : म्हंजे रुसवा मोठा आहे. बरं, हे हातातलं घड्याळ घ्या. पन आत चला, जवाईबापू. समोरची बायजाबाई घागर घेऊन सारखी नळावर जाऊन राहिली. नळाले तं पानीच नाही आज!

चंद्रभान : मी रुसलो नाही.

आनंदराव : रुसलेला जवाई असंच म्हनते. मीबी म्हनलं होतं. मले बकरी भेटली.

वच्छला : बाबा, काही देऊ नका! भांडनात मी याईले साफ सांगितलं होतं, पायी न्यायले आले तरच येईन.

चंद्रभान : मंग? पायीच आलो.

वच्छला : कोराडीहून?

चंद्रभान : कोराडीहून. कामठीच्या रस्त्यानं.

वच्छला : तुम्ही? पावरहाउसात खुर्चीवर बसून मीटर पाहनारे? घरी एक घागर पानी आनलं तं संध्याकाळपर्यंत कंबर धरून फिरता.

चंद्रभान : काहीच वाटलं नाही. आत्ता म्हन, रामटेकले जाऊन येतो.

वच्छला : खोटं! कोळशाच्या ट्रकवर बसून आले. तोंड पाहा कसं काळं झालं.

चंद्रभान : कोराडीत साऱ्याईचंच तोंड काळं असते.

आनंदराव : तेबी खरंच आहे.

वच्छला : तुम्ही चूप बसा, बाबा. इतकं चालून आलेला मानूस असा ऐटीत बसते का? चालले ना? मंग उठा. आंगनात एक चक्कर मारून दाखवा, आत्ता पिशवी भरीन.

चंद्रभान : उद्या मारतो.

वच्छला : पाहा! मी नाही येत. चालली मी घरात.

चंद्रभान : वच्छले! थांब वं.

वच्छला : काय?

चंद्रभान : उठता नाही येऊन राहिलं मले.

आनंदराव : म्हंजे?

चंद्रभान : नदीच्या पुलापर्यंत पाय माह्ये होते, मामाजी. पुलानंतर कोनाचे होते, देव जाने. इथं टेकलो अन पोटऱ्याईत गोळे आले. अंगठा हालव म्हनतो, तं तो ऐकूनच नाही राहिला.

आनंदराव : अन मी घड्याळ काढून बसलो!

वच्छला : पाय इकडं करा. चप्पल काढू द्या... अगं माय! साऱ्या तळव्याले फोड. अन हे रामटेकले चालले होते! काहून नाही सांगितलं?

चंद्रभान : तू म्हनली असती, पाहा, थकला.

वच्छला : म्हनलीच असती. बाबा, तेल गरम करून आना.

आनंदराव : अवं, इथं ओट्यावर? लोक पाहून राहिले.

वच्छला : पाहू द्या.

चंद्रभान : आई गं! हळू... वच्छले, मंग येशीन ना?

वच्छला : येईन. पन एसटीनं जाऊ.