ऐरणीवरचा नारळ

अहो, खंडेनवमी आली की माझं अजून डोकं फिरतं! रॉकेटचं घन इंधन मशीनच्या ऐरणीवर ठेवून त्यावर वजन पाडायचं आणि ते किती धक्क्याने पेटतं ते बघायचं, हे लॅबमधलं माझं काम. चाचणी मध्येच थांबवायला लावून साहेब मशीनची पूजा करायला आले आणि थेट ऐरणीवरच नारळ फोडायला हात उगारला. मी मनगटच धरलं.

"साहेब, खाली इंधन आहे!"

"चिमूटभर तर आहे. जरा श्रद्धा ठेवा."

"आणि शेजारच्या ट्रेमधलं?"

दसरा झाल्यावर मेमो कोणाला? मला! पूजेत व्यत्यय आणला म्हणून. खुलाशात मी एकच ओळ लिहिली, "नारळ फुटला असता, पण प्रसाद घ्यायला साहेबांना हात उरला नसता."