सुरजचे साचे

मल्लेश्वरमच्या बसथांब्यावर माझ्या मागे सासू-सून उभ्या होत्या.

“पवित्रा, सुरजचे ते साचे अजून ओट्यावरच आहेत गं.”

“असू देत, आई.”

“शहाळ्याच्या भुशात बुरशी नुसती फोफावलीय. तोच म्हणायचा, बुरशीनं साचा भरला की लगेच भट्टीत भाजायचा. मग थर्माकोलसारखा खोका होतो.”

“माहितेय.”

“मग कधी भाजतेस?”

“भाजलं की बुरशी मरते, आई.”

“सरी, खरंय ते, पण नाही भाजलं तर सगळं कुजेल. तो गेल्यापासून तू हातच लावला नाहीस.”

“लावते ना. रोज पाणी शिंपडते.”

“अगं, घरभर वास सुटलाय!”

“सुटू दे. त्याच्या हातचं अजून वाढतंय, ते तेवढंच.”

बस आली.

“उद्या पाणी मी शिंपडते.”